प्लेस्टेशन येण्याआधीचे २,९०४ तास

शून्य तास म्हणजे शनिवार, ९ सप्टेंबर १९९५. सोनीचा प्लेस्टेशन अमेरिकेत विक्रीला येण्याचा दिवस. खालचे तास तिथपासून उलटे मोजले आहेत.

उरले ६,९८४ तास
२२ नोव्हेंबर १९९४, जपान. सेगाचा नवा गेम कन्सोल सॅटर्न ४४,८०० येनला बाजारात येतो आणि पहिल्याच दिवशी सुमारे दोन लाख नग खपतात. अमेरिकेत मात्र सेगा नेमक्या याच सुमारास ३२एक्स विकायला काढते. हे सेगाच्याच जुन्या जेनेसिस कन्सोलवर बसवायचं उपकरण. ते घेणाऱ्याकडेच काही महिन्यांत सॅटर्नचे पैसे मागायचे, हा हिशेब कुणी मांडला कोण जाणे.

उरले ६,७२० तास
प्लेस्टेशन जपानमध्ये दाखल. किंमत ३९,८०० येन.

उरले २,९०४ तास
गुरुवार, ११ मे. लॉस एंजेलिसमध्ये पहिलं ई-थ्री प्रदर्शन. सॅटर्न अमेरिकेत २ सप्टेंबरला येणार, हे सगळे धरून चाललेले. सेगाच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख टॉम कालिन्स्के व्यासपीठावरून सांगतात, की तो आजच आला आहे. किंमत ३९९ डॉलर, सोबत ‘व्हर्चुआ फायटर’. कालिन्स्के यांचा स्वतःचा या घाईला विरोध होता. निर्णय जपानच्या मुख्यालयाचा, सोनीच्या धाकाने घेतलेला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

त्याच दिवशी सोनीची पाळी येते. सोनीच्या अमेरिकी शाखेचे प्रमुख स्टीव्ह रेस मंचावर येतात, ‘२९९’ एवढा आकडा उच्चारतात आणि निघून जातात. टाळ्यांचा कडकडाट होतो.

माझ्या मते सॅटर्नचं अमेरिकेतलं भवितव्य इथेच ठरलं. पुढचे चार महिने सेगाला आघाडीचे वाटत होते; गिऱ्हाइकासाठी ते थांबायचे होते. शंभर डॉलर वाचणार असतील तर सप्टेंबर काही फार लांब नसतो.

मधले तास
माल मोजक्याच दुकानसाखळ्यांना मिळालेला. वॉलमार्ट आणि बेस्ट बाय यांना पत्ताच नव्हता. केबी टॉइज इतकी चिडली, की तिने सेगाचा मालच ठेवणं बंद केलं. बाहेरच्या कंपन्या आपले गेम सप्टेंबरच्या बेताने बनवत होत्या. त्यामुळे सुरुवातीला दुकानात होते सहा गेम, सगळे सेगाचेच. नवा कन्सोल घ्यायचा आणि त्यावर खेळायला नवं काही येत नाही म्हणून उन्हाळाभर चरफडायचं, अशी त्या पहिल्या गिऱ्हाइकांची गत.

उरले १६८ तास
२ सप्टेंबर. सॅटर्नची मूळ तारीख. नवलाई केव्हाच ओसरलेली.

शून्य
प्लेस्टेशन विक्रीला. पहिल्या खेपेतले एक लाख नग जवळजवळ सगळे आगाऊ नोंदवलेले.

४८ तासांनंतर
सॅटर्नने मेपासून जेवढा खप केला होता, त्याच्या पुढे प्लेस्टेशन दोन दिवसांत गेलेला.

५५२ तासांनंतर
२ ऑक्टोबर. सॅटर्नची किंमत २९९ डॉलर होते. रेस यांनी मे महिन्यात उच्चारलेला तोच आकडा. जपानमध्ये सॅटर्न अजून दमदार होता, म्हणून मुख्यालयाला अमेरिकेची कळ उशिरा पोचली असावी. जुलै १९९६ मध्ये कालिन्स्के यांचा राजीनामा जाहीर झाला. सप्टेंबरअखेर तिसरा प्रतिस्पर्धी, निन्टेंडो ६४, अमेरिकेत आला, १९९ डॉलरला.