साडीचा आडोसा

पूर्वपक्ष आधी नीट मांडते, कारण तो मांडणारी माणसं परकी नाहीत. काहींकडून मी ऑक्युपेशनल थेरपी शिकले, काहींना मी शिकवली. त्यांचं म्हणणं असं : आपल्याकडे तालुक्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट मिळत नाही. अंगावरून वारं गेलेल्या बाईला जीप करून, घरातल्या दोघांचा रोज बुडवून शहरात आणायचं, तासभर थेरपी घ्यायची आणि परत न्यायचं, हे महिन्यातून एकदाही परवडत नाही. त्यापेक्षा मुलाने घरीच आईचा जेवतानाचा, आंघोळीचा, साडी नेसतानाचा व्हिडिओ काढावा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावा आणि थेरपिस्टने तो बघून चूक सांगावी. यात वाईट काय? पेशंट हरकत घेत नाहीत, उलट हात जोडतात. खासगीपणा ही बंद दारांच्या देशातली गोष्ट. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहतात तिथे कोण कोणापासून काय झाकणार? शिवाय संमतीपत्रावर सही असते, फोनला पासवर्ड असतो. मग नैतिकतेचा प्रश्न उरतोच कुठे?

यातला पहिला अर्धा भाग मला मनापासून मान्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत मीही फोनवरूनच थेरपी दिली आणि त्या दिवसांनी मला शिकवलंही. विभागात टेबलाशी उभी राहून छान कणीक मळणारी एक बाई घरी मात्र चुलीपाशी जातच नव्हती. कारण कळेना. व्हिडिओ कॉलवर तिचं घर पाहिलं तेव्हा कळलं : चूल जमिनीवर होती, आणि तिला खाली बसता येत असलं तरी एका पायाच्या जोरावर उठता येत नव्हतं. तीन महिने मी तिला उभ्याचा स्वयंपाक शिकवत होते! कॅमेऱ्याने दाखवलं नसतं तर ते मला समजलंच नसतं. त्यामुळे फोन फेकून द्या, व्हिडिओ बंद करा, असं म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी नाही.

पण 'गरिबाला कसला खासगीपणा' हे वाक्य मला मुळातच खोटं वाटतं. दहा बाय दहाच्या खोलीत कोणी काही झाकत नाही, असं म्हणणाऱ्याने त्या खोलीत एक पहाट काढावी. घरातल्या बायका चारला उठतात, पाणी लवकर येतं म्हणून, आणि पुरुष झोपलेले असतात म्हणूनही. मोरीच्या तोंडाशी दोन खिळ्यांना जुनी साडी बांधून आडोसा केलेला असतो. सासरा जागा असला तर भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. मुलाला काहीतरी आणायला दुकानात पाठवलं जातं. दार, कडी, भिंत विकत घेता येत नाही तेव्हा खासगीपणा रोज हातांनी उभा करावा लागतो. वेळ साधून, नजर वळवून, साडी बांधून. श्रीमंताच्या घरात तो बांधकामातच मिळतो. ज्याला तो रोज कमवावा लागतो त्याला त्याची किंमत कमी कळते, हा तर्क कुठून आला?

सर्वोच्च न्यायालयापुढेही हाच तर्क आला होता. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टास्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तेव्हा तो मूठभर उच्चवर्गीयांच्या कल्पनेतला हक्क आहे, हे म्हणणं न्यायालयाने स्पष्टपणे फेटाळलं. 'ही पाश्चात्त्य कल्पना' म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना तर मी आपल्याच व्यवसायाची आठवण देते. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात निघाली ती कमला निंबकरांमुळे, आणि कमलाबाई जन्माने अमेरिकन होत्या. बाहेरून आलेली विद्या आपण मोरी, परात आणि पाटावर आणून बसवली. ती इथली करताना तिच्यातला माणसाचा मान वगळायचा, असं कोणी ठरवलं नव्हतं.

आता मुद्द्याचं. आपल्या शाखेत 'माहिती' म्हणजे नेमकं काय, याचाच विचार पूर्वपक्षाने केलेला नाही. रक्तातली साखर, एमआरआय, औषधाचा डोस ही शरीराची माहिती. ती उघड झाली तर नुकसान होतंच. पण आम्ही टिपतो ते जगणं. पक्षाघाताच्या पेशंटसाठी आम्ही नेहमी वापरतो तो बार्थेल इंडेक्स घ्या. १९६५ पासून वापरात आहे, शंभर गुणांचा, दहा बाबींचा. जेवण, नीटनेटकं होणं, पलंगावरून खुर्चीवर जाणं, चालणं, जिना या पाच बाबी चारचौघांसमोर होऊ शकतात. उरलेल्या पाच बघा : आंघोळ, कपडे घालणं, शौचावर ताबा, लघवीवर ताबा, संडासचा वापर. म्हणजे आमची अर्धी नोंद आडोशामागची आहे. आणि थेरपीचं उद्दिष्ट काय? त्या बाईने मोरीत एकटीने जावं, साडीचा पडदा स्वतःच्या हाताने ओढावा, आणि मुलगी किंवा सून बाहेर उभी राहावी. आडोसा परत मिळवून देणं हाच तर उपचार आहे. मग त्याच उपचाराचा व्हिडिओ चाळीस जणांच्या फोनमध्ये फिरत असेल, तर आपण एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी एका खासगी केंद्रात मी आठवड्यातून दोनदा जात असे. पन्नाशीतल्या एक मावशी होत्या, उजवी बाजू गेलेली. दीड महिना आम्ही साडीवर काम केलं. परकराला नाडीऐवजी इलॅस्टिक, ब्लाउजला पुढून वेल्क्रो. लुळा हात आधी बाहीत घालायचा आणि काढताना शेवटी काढायचा. स्टुलावर बसून साडीचं एक टोक मांडीखाली दाबायचं, डाव्या हाताने निऱ्या घालायच्या आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने धरून ठेवायच्या. ज्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा पूर्ण साडी नेसली, त्या दिवशी केंद्रातल्या एका मुलाने मोबाईल उचलला. मी पाहिलं आणि गप्प राहिले. आनंदाचा क्षण होता, मोडवेना. दोन दिवसांत तो व्हिडिओ गाण्यासकट केंद्राच्या पानावर गेला. मावशींच्या पुण्यातल्या पुतण्याने पाहिला, कौतुकाने घरच्या ग्रुपवर टाकला. निऱ्या खोचण्याआधीचे ते काही क्षण, पदर खांद्यावर नसतानाचे, दीर, जाऊ, भाचे, सगळ्यांनी पाहिले.

त्या पुन्हा आल्या नाहीत. महिन्याने मुलगा एकटाच आला. म्हणाला, "मॅडम, आई म्हणते आता सूनच नेसवून देईल. जमतं ते करायचंच नाही म्हणते." बार्थेलच्या कपड्यांच्या बाबीत त्यांना दहापैकी दहा मिळाले होते. ते आता शून्यावर आले होते, आणि त्या शून्याला मेंदूतली गुठळी कारण नव्हती.

संमतीपत्र होतं, हे खरं. मी मागवून पाहिलं. दुसऱ्या पानावर बारीक अक्षरात 'शैक्षणिक व प्रसिद्धीच्या उपयोगासाठी छायाचित्रण' असं कलम होतं आणि खाली मुलाची सही. दाखल होताना, पैसे भरताना, सात-आठ कागदांमधली एक. मावशींना त्या वेळी बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांना विचारलं नाही. पण बोलता न येणं म्हणजे मत नसणं नव्हे. वाचाघात झालेल्या माणसाला सावकाश, एका वेळी एक गोष्ट, चित्र दाखवून, खुणेने विचारता येतं. ते कौशल्य आपण रोज वापरतो. 'चहा की दूध' विचारण्यासाठी ते वापरायचं आणि 'तुमचा व्हिडिओ दाखवू का' यासाठी मात्र मुलाला हाक मारायची, हे मला पटत नाही. संमती दाखल होण्याच्या दिवशी एकदा संपत नाही. साडीच्या व्हिडिओसाठी साडीच्या दिवशी विचारायला हवं आणि महिन्याने पुन्हा.

मुलांच्या बाबतीत तर हे आणखी अवघड आहे. स्वमग्न मुलाचा आरडाओरडा, डोकं आपटणं, आधीचा आणि नंतरचा व्हिडिओ पालकांच्या परवानगीने टाकला जातो. पालकांचा हेतू चांगला असतो, इतर आईबापांना धीर मिळावा हाच. पण ते मूल अठराचं होईल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती सक्तीची केली आहे, ती योग्यच आहे. पण पालकांची संमती कायद्याला पुरली तरी थेरपिस्टला पुरू नये, असं मला वाटतं.

पासवर्ड आणि एन्क्रिप्शनचं उत्तर सोपं आहे. एन्क्रिप्शन वाटेतल्या चोरापासून वाचवतं. आपल्याकडची गळती दोन्ही टोकांच्या घरांत होते. आलेला व्हिडिओ गॅलरीत उतरतो, गॅलरी क्लाउडवर चढते, तोच फोन संध्याकाळी थेरपिस्टच्या मुलाच्या हातात गेम खेळायला असतो. आणि 'आमच्या पेशंटच्या नोंदींत कोणाला रस' म्हणणाऱ्यांनी फिनलंडचं वास्तामो आठवावं. मानसोपचाराची केंद्रं चालवणाऱ्या त्या कंपनीच्या सुमारे ३३ हजार पेशंटच्या नोंदी चोरीला गेल्या. ऑक्टोबर २०२० मध्ये चोराने पेशंटनाच ईमेल पाठवून दोनशे युरोची खंडणी मागितली, नाहीतर थेरपिस्टला सांगितलेलं सगळं जगापुढे मांडीन म्हणून. कंपनी पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेली. ज्यांनी थेरपीतच मन मोकळं केलं होतं, त्यांनी पुन्हा कोणापुढे ते कसं करावं?

काही सहकारी २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांचा दाखला देतात : पेशंटने स्वतःहून संपर्क केला तर संमती गृहीत धरावी, असं त्यांत आहे. आहे खरं. पण त्या नोंदणीकृत डॉक्टरांसाठी आहेत, आणि गृहीत धरलेली ती संमती सल्ला देण्याघेण्यापुरती आहे. पुढे पाठवणं, दाखवणं तिच्यात येत नाही. त्याच सूचनांनी पेशंटच्या छायाचित्रांचा आणि माहितीचा गैरवापर हे गैरवर्तन म्हटलं आहे. हे वाचायचं राहून जातं. मनोरुग्णांसोबत काम करणाऱ्यांसाठी २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर आणखी स्पष्ट आहे : डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही खासगीपणाचा हक्क लागू आहे. जागतिक ऑक्युपेशनल थेरपिस्ट महासंघाच्या भूमिकेनुसारही दूरस्थ सेवेची पातळी समोरासमोरच्या सेवेइतकीच असायला हवी. समोरासमोर आपण मोरीत शिरताना सुनेला विचारतो, चप्पल बाहेर काढतो, गरज संपली की तोंड फिरवतो. कॅमेरा तोंड फिरवत नाही. ते त्याच्या वतीने आपल्यालाच करावं लागतं.

मग करायचं कसं? मी सांगते ते माझ्या कामातलं आहे, त्याहून चांगलं कोणाकडे असेल तर मला हवंच आहे. बहुतेक वेळा पूर्ण माणूस लागतच नाही. परातीखाली ओलं फडकं ठेवलंय का, कोपर अंगाला चिकटलंय का, एवढंच बघायचं असतं. त्याला दोन हात आणि परात पुरे. आंघोळीचा व्हिडिओ मी मागतच नाही. रिकाम्या मोरीचा मागते, स्टूल कुठे, नळ कुठे, धरायला काय, हे त्यात दिसतं, आणि हालचाल पूर्ण कपड्यांत कोरड्या मोरीत करून दाखवता येते. शक्य तेव्हा चित्रण पेशंटच्याच फोनवर होतं आणि माझ्याकडे येत नाही. कॉलवर बघते, नोंद शब्दांत लिहिते. आलंच तर वेगळ्या फोनवर, आणि काम झालं की त्यांच्यादेखत पुसते. यासाठी खर्च लागत नाही. दर पेशंटमागे पाच मिनिटं जास्त लागतात, आणि ती पाच मिनिटं गर्दीच्या ओपीडीत कुठून आणायची, हा प्रश्न मात्र खरा आहे. तो संस्थांनी सोडवायचा आहे, पेशंटच्या पदराच्या बदल्यात नव्हे.

गेल्या पावसाळ्यात एका आजींना एका हाताने भाकरी थापायला शिकवत होते. विद्यार्थिनींना दाखवायला ते चित्रण फार उपयोगी पडलं असतं, म्हणून विचारलं. कोणाला दाखवणार, किती दिवस ठेवणार, नको म्हणालात तरी थेरपी चालूच राहील, सगळं सांगितलं. त्यांनी थापणं थांबवलं, थोडा विचार केला, पदराने कपाळ पुसलं. "माझं तोंड नको," म्हणाल्या. "मागं सून बसलीय, तीबी नको. भाकरी येऊ दे."

मी फोन खाली आणला आणि परातीवर धरला.