घराचे माप आणि कचऱ्याचे माप : एकोडी परिसरातील स्वच्छता कराचा इतिहास

कचरा उचलण्यासाठी कुटुंबाकडून किती पैसे घ्यावेत, हा प्रश्न वरवर पाहता शहरी आणि अलीकडचा वाटतो. परंतु भंडारा जिल्ह्याच्या साकोली तालुक्यातील एकोडी आणि तिच्या भोवतीच्या धानपट्ट्याचा मागोवा घेतला, तर कमी कचरा करणाऱ्या घरावर कमी भार हे तत्त्व येथे कायद्याच्या आधीपासून व्यवहारात होते आणि कायदा आल्यानंतरच ते मागे पडले, असे दिसते. याचे कारण शासनाच्या उदारपणात किंवा कठोरपणात शोधण्यापेक्षा मोजमापाच्या साधनांत शोधणे अधिक योग्य ठरेल. कारण घर मोजणे आणि नोंदवहीत चढवणे सोपे होते, तर त्या घरातून निघणारा केरकचरा मोजण्याचे कोणतेही साधन स्थानिक संस्थांच्या हाती नव्हते.

हा परिसर ज्यात होता ते नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये इंग्रजांनी खालसा केले, १८६१ मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली आणि १८६० च्या दशकातील जमाबंदीत मालगुजारांना, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या प्रमुखांना, गावाच्या मालकीचे हक्क मिळाले. या व्यवस्थेत गावातील कचरा ही विल्हेवाट लावण्याची वस्तू नव्हतीच. कोहळी समाजाने घडवलेल्या तलावांच्या पाण्यावर पिकणाऱ्या धानाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घालून पाणी अडवलेल्या खाचरांना, शेणखताची गरज होती. त्यामुळे गोठ्यातील शेण, चुलीतील राख, जनावरांनी टाकलेली तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, भाजीची देठे आणि अंगणातील केर हे सारे घरामागच्या सांदवाडीत किंवा गावठाणाच्या कडेला असलेल्या उकिरड्यावर साठवले जाई आणि पावसाळ्यापूर्वी बैलगाडीने शेतात नेऊन पसरले जाई. तणीस छपराला आणि गुरांना, कोंडा गुरांना, राख भांड्यांना आणि फुटके मडके परसातल्या रोपाला अशी प्रत्येक वस्तूची पुढची सोय ठरलेली असल्याने ज्या घरात जनावरे अधिक, त्याचा उकिरडा मोठा आणि त्याचे खतही अधिक, असा हिशेब होता. कचरा अधिक असणे हा तेथे खर्च नसून उत्पन्नाचा भाग होता.

सरपण, चराई, गवत अशा सामाईक गरजा भागवण्याच्या हक्कांना या भागात ‘निस्तार’ म्हणतात. निस्ताराच्या अटींची नोंद ज्या कागदात होते त्याला ‘निस्तारपत्रक’ आणि रस्ता, पाणी, मासेमारी यांसारख्या गावच्या वहिवाटींची नोंद ज्यात होते त्याला ‘वाजिब-उल-अर्ज’ असे नाव आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील निस्तारपत्रकाचे प्रकरण आजही केवळ विदर्भाला लागू आहे, यावरून या परंपरेचे प्रादेशिक वेगळेपण लक्षात येते. गावाची पडीक जमीन आणि गावठाण ही सर्वांच्या उपयोगाची मानली गेल्याने घरातील टाकाऊ वस्तूंना जागा मिळण्यासाठी वेगळे शुल्क देण्याची कल्पनाच उद्भवत नव्हती.

तथापि या व्यवस्थेला फुकट म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. घरातील केराचा भार घरातल्या स्त्रियांच्या श्रमांवर होता आणि सार्वजनिक जागेची सफाई, मेलेली जनावरे ओढून नेणे यांसारखी कामे जातीच्या नावाने विशिष्ट समाजांवर लादलेली होती. त्यांचा मोबदला धान्याच्या रूपाने, अपुरा आणि अपमानासह मिळत असे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ च्या महाड परिषदेत मृत जनावरांशी निगडित कामे व प्रथा सोडण्याचे आवाहन केले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झालेल्या धम्मदीक्षेनंतर विदर्भातील खेड्यापाड्यांत या नकाराला व्यापक बळ मिळाले. गावाच्या स्वच्छतेचा खरा खर्च तोपर्यंत कोण उचलत होते, हे या नकारामुळे उघड झाले. म्हणून स्वच्छतेच्या कराचा विचार करताना कराचा दर कमी असणे आणि खर्च कमी असणे या दोन वेगळ्या गोष्टी मानाव्या लागतात.

लिखित कायद्याने प्रथम शहरांकडे लक्ष दिले. भंडारा नगरपालिका १८६७ मध्ये स्थापन झाली आणि पुढे मध्य प्रांतातील नगरपालिकांना घरे, संडास व आवारे यांच्या सफाईसाठी कर बसवण्याचे अधिकार मिळाले. खेड्यांसाठी १९२० मध्ये ग्राम स्वच्छता व सार्वजनिक व्यवस्थापनाचा आणि ग्रामपंचायतींचा असे दोन कायदे झाले, तर १९४६ च्या मध्य प्रांत व वऱ्हाड पंचायत कायद्याने ग्रामपंचायतींची व्याप्ती वाढवली. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमाने, ज्याला आज महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम म्हणतात, जुन्या कायद्यांची जागा घेतली.

या अधिनियमातील कलम १२४ प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण त्यात स्वच्छतेचे दोन उपकर वेगवेगळे ठेवलेले आहेत. सर्वसाधारण स्वच्छता उपकर हा सार्वजनिक संडास आणि केरकचरा काढून त्याची विल्हेवाट लावण्यासाठी गावातून घ्यावयाचा आहे. विशेष स्वच्छता उपकर मात्र ज्या खासगी संडासांची, जागांची किंवा आवारांची सफाई पंचायतीच्या यंत्रणेमार्फत होते त्यांच्यापुरताच आहे. सेवा ज्याला मिळते त्याने पैसे द्यावेत, हे तत्त्व दुसऱ्या उपकरात स्पष्टपणे मान्य झालेले असूनही केरकचऱ्याच्या आकारणीचा सार्वत्रिक आधार पहिला उपकरच राहिला. ग्रामपंचायतीच्या दप्तरातील नमुना ८, म्हणजे आकारणीची नोंदवही, घराचा मालक, घराचे क्षेत्रफळ आणि बांधकामाचा प्रकार नोंदवते. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांची मागणी त्याच आधारे निघते. घरामागे खताचा खड्डा आहे किंवा नाही, यावर त्या मागणीचा आकडा ठरत नाही. याच अधिनियमाच्या ग्रामसूचीत, म्हणजे पंचायतीच्या कर्तव्यांच्या यादीत, खताच्या साधनांचे जतन आणि कंपोस्ट तयार करणे यांचाही समावेश असल्याने, ज्या कामाला कायदा प्रोत्साहन देऊ इच्छितो त्याची दखल कर घेत नाही, अशी विसंगती त्याच्या रचनेतच राहिली.

शेतीशास्त्राने मात्र या अधिनियमाच्या आधीपासूनच उकिरड्याला नवे रूप द्यायला सुरुवात केली होती. इंदूरच्या कृषी संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी शेतातील टाकाऊ पदार्थ थर देऊन कुजवण्याची ‘इंदूर पद्धत’ विकसित केली आणि १९३१ मध्ये त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांनी हवा खेळण्यासाठी भिंतींत छिद्रे ठेवलेल्या विटांच्या टाक्यात काडीकचरा, थोडे शेण आणि माती यांचे थर देण्याची पद्धत रूढ केली; त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला ‘नाडेप’ म्हणतात. साधारण १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि ३ फूट उंच असे हे टाके कुटुंबाच्या जैविक कचऱ्याला घराच्या हद्दीतच संपवू शकते, म्हणजेच पंचायतीच्या गाडीवर पडणारा भार प्रत्यक्षात कमी करते.

भार वाढला तो मुख्यतः कचऱ्याच्या स्वरूपामुळे. पुड्या, पिशव्या, बाटल्या आणि एकदाच वापरायच्या पत्रावळी-पेले खेड्यातील दुकानांत व समारंभांत आल्यावर उकिरड्यात न कुजणारा भाग जमू लागला आणि शेतकरी असे खत शेतात टाकण्यास नाखूश झाला. २००० च्या सुमारास सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानाने गावांत स्पर्धा लावली, २०१८ मध्ये राज्याने प्लॅस्टिकच्या अनेक वस्तूंवर बंदी घातली, आणि २०२० पासूनच्या स्वच्छ भारत अभियानाच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचरा व्यवस्थापनासाठी ५,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावांना माणशी ६० रुपये, तर त्याहून मोठ्या गावांना माणशी ४५ रुपये असे अर्थसाहाय्य ठरले. अशा साहाय्यातून शेड, टाकी व वाहने उभी राहतात. चालकाचा पगार, इंधन आणि दुरुस्ती हा दरवर्षीचा खर्च मात्र पंचायतीलाच भागवावा लागतो आणि तेथेच आकारणीचा जुना प्रश्न पुन्हा समोर येतो.

शहरांनी या प्रश्नाची जी उत्तरे शोधली त्यांतही घराचे मापच वरचढ ठरले. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी प्रत्येक कचरा निर्माण करणाऱ्याने ‘उपभोक्ता शुल्क’, म्हणजे सेवेच्या वापराबद्दलचा आकार, द्यावा असे सांगितले. मुंबई महानगरपालिकेने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उपविधींच्या मसुद्यात ५० चौरस मीटरपर्यंतच्या घराला महिना १०० रुपये, त्याहून मोठ्या पण ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला ५०० रुपये आणि त्यापुढे १,००० रुपये असे दर सुचवले होते. त्यात मोठ्या घरात एकटी राहणारी वृद्ध व्यक्ती आणि लहान खोलीतील गजबजलेले कुटुंब यांच्या कचऱ्यातील फरकाला स्थान नव्हते. पुणे महानगरपालिकेने गांडूळखत प्रकल्प, सौर ऊर्जा किंवा पर्जन्यजल संधारण करणाऱ्या मालमत्तांना करात ५ ते १० टक्के सवलत देऊन वेगळी वाट धरली, जिच्यात कचऱ्याचे वजन न करता तो कमी करणाऱ्या साधनाची पाहणी पुरेशी ठरते.

कचरा खरोखर मोजून आकारणी करणारी उदाहरणे परदेशांत आहेत. सिएटल शहराने १९८१ पासून डब्याच्या आकारानुसार व संख्येनुसार दर लावले, झुरिकने १९९३ पासून शुल्क समाविष्ट असलेल्या विशिष्ट पिशव्या अनिवार्य केल्या आणि दक्षिण कोरियाने १९९५ मध्ये हीच पद्धत देशभर लागू केली. परंतु या पद्धती टिकण्यासाठी बेकायदा टाकणे व जाळणे यांवर कडक देखरेख लागते. ज्या गावाला नाला, पांदण आणि मोकळे शेत लागून आहे तेथे पिशवीवर दर लावल्यास कचरा कमी होण्यापेक्षा नजरेआड होण्याचा धोका अधिक असतो. शिवाय गल्ल्या, बाजाराची जागा आणि गटारे यांची सफाई ही सर्वांसाठीच होत असल्याने कमी कचरा करणाऱ्या घराचा वाटा शून्यावर आणणेही न्याय्य ठरत नाही.

या इतिहासाच्या प्रकाशात एकोडीसारख्या गावासाठी व्यवहार्य मार्ग कायद्यातील जुन्या विभागणीतच सापडतो. सामाईक सफाईचा लहानसा वाटा सर्वांकडून आणि दारातून कचरा उचलण्याचा आकार वेगळा घेतला, तर नाडेप टाके, खताचा खड्डा किंवा गोबरगॅस प्रत्यक्ष वापरणाऱ्या घराला दुसऱ्या आकारात सूट देता येते आणि त्यासाठी वजनकाट्याऐवजी नमुना ८ मध्ये एका रकान्याची भर व वर्षातून एकदा पाहणी एवढे पुरते. सवलत ही कल्पना ग्रामपंचायतींना अपरिचितही नाही. वर्षाच्या पहिल्या सहा महिन्यांत घरपट्टी भरणाऱ्यास ५ टक्के सूट देण्याची तरतूद खेडोपाडी रुळलेली आहे. वेळेवर पैसे भरून पंचायतीची वसुली सोपी करणाऱ्याला जर सूट मिळत असेल, तर घरचा कचरा घरीच जिरवून पंचायतीचा खर्च वाचवणाऱ्याला ती नाकारण्यास तत्त्वाचा आधार उरत नाही.