जुन्याला सकाळ, नव्याला रात्र

 1952 साली दिल्लीत नभोवाणी खात्याचे मंत्री झाले पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर. सिनेमाच्या गाण्यांनी देशाचा कान बिघडतो, असं त्यांचं ठाम मत. गाण्याआधी सिनेमाचं नाव सांगणं म्हणजे फुकटची जाहिरात, म्हणून आकाशवाणीनं ते बंद केलं. निर्माते चिडले, त्यांनी परवाने काढून घेतले आणि सरकारी रेडिओवरून हिंदी सिनेमाचं गाणं जवळपास हद्दपार झालं. रेडिओवर जुनं किती आणि नवं किती, हा हिशोब आपल्याकडे सुरू झाला तो या भांडणापासून.

लोक थोडेच गप्प बसणार! त्यांनी सुई रेडिओ सिलोनवर नेली. 3 डिसेंबर 1952 ला अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. आधी अर्ध्या तासात सात गाणी, तीही क्रमाशिवाय. पायदानं आली ती 1954 पासून. नव्या गाण्याला अशी बुधवारची रात्र मिळाली. जुन्याला सकाळ मिळाली: साडेसात ते आठ जुन्या चित्रपटांची गाणी, आणि शेवटचं गाणं कुंदनलाल सैगलचं. भिंतीवर घड्याळ नसलं तरी सैगल लागला की आठ वाजायला आले, हे घरात सगळ्यांना कळायचं.

केसकरांच्या हट्टाची दुसरी बाजूही सांगायला हवी. सिनेमाची जागा भरायला आकाशवाणीला स्वतःचं सुगम संगीत उभं करावं लागलं. पुणे केंद्रावर 1 एप्रिल 1955 पासून आठवड्याला एक नवं गाणं देणारं गीतरामायण त्याच काळातलं. एकूण 56 गाणी. म्हणून केसकरांना नुसतं खलनायक ठरवणं मला पटत नाही.

तरी सरकारला माघार घ्यावीच लागली. 3 ऑक्टोबर 1957 ला आकाशवाणीचीच विविध भारती सुरू झाली, धुरा पंडित नरेंद्र शर्मांकडे. पुढे तिथंही वाटणी घड्याळानंच झाली. सकाळी 'भूले बिसरे गीत', साडेसातला 'संगीत सरिता', पावणेआठला 'त्रिवेणी' आणि आठला 'चित्रलोक', म्हणजे नव्या सिनेमांची गाणी. जुन्यावरून नव्यावर येताना मध्ये अर्ध्या तासाची पायरी! ही रचना करणाऱ्याला मानलं पाहिजे.

फर्माईश मात्र या घड्याळाला जुमानत नसे. मराठवाड्यात परभणी केंद्र, नंतर नांदेडचं एफएम. 15 पैशांच्या कार्डावर एका गाण्याखाली घरातली, गल्लीतली, मित्रमंडळातली नावं दाटीवाटीनं लिहिलेली. मागणी बहुतेकदा चार-पाच वर्षांमागच्या गाण्याची असायची. जुनं म्हणावं इतकं ते जुनं नसायचं आणि 'चित्रलोक'मधून तर कधीच उतरलेलं असायचं.

अमेरिकेतल्या रेडिओवाल्यांनी याच मधल्या गाण्याला 'रिकरंट' असं नाव देऊन त्याचा वेगळा कप्पा केला. तिथं 'बिलबोर्ड'नं 1961 साली मोठ्यांच्या हलक्याफुलक्या गाण्यांची यादी सुरू केली. 1979 मध्ये तिचं नाव ॲडल्ट कंटेम्पररी झालं. त्याच वर्षी अँड्र्यू इकॉनॉमॉस यांनी गाण्यांचा क्रम लावणाऱ्या संगणक प्रणालीची कंपनी काढली. आता जुनं-नवं एकाच तासात आलं. तासाचं वर्तुळ काढायचं, त्यात चालतं गाणं, रिकरंट आणि जुनं यांच्या जागा ठरवायच्या. चालतं गाणं काही तासांत परत येतं, जुनं काही दिवसांनी. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ येत नाहीत.

भारतात 3 जुलै 2001 ला बंगळुरूत खासगी एफएम सुरू झालं आणि पाठोपाठ हा हिशोब आपल्याकडेही रुळला. या हिशोबाला खालून कड असते. श्रोता पंचविशी ते पन्नाशीतला धरला की जुनं म्हणजे त्याच्या शाळा-कॉलेजातलं. सैगल त्यात बसत नाही, हळूहळू तलत-गीता दत्तही गळतात. 'आशिकी' 1990 चा. तेव्हा मराठवाड्यातल्या अहमदपुरात ज्यानं ती कॅसेट झिजेपर्यंत वाजवली, त्याची पोरं आज विचारतात, "बाबा, काय सारखी जुनी गाणी लावता?"