समतोल आहार आणि जातीचे ताट

'समतोल आहार' हा शब्द आपल्याकडे डॉक्टरांच्या तक्त्यांतून आणि शहरी पाककृतींच्या पुस्तकांतून आला. देशोदेशींचे पदार्थ निवडून सकस ताट कसे वाढावे, हे ती पुस्तके शिकवतात. ज्याच्या घरात निवडीला जागा आहे, त्याच्यासाठीच ती लिहिलेली असतात. कष्टकऱ्याच्या चुलीवर हे जग केव्हाच येऊन पोहोचले होते, याची दखल मात्र त्यांनी घेतली नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने मिरज-कोल्हापूर लोहमार्गावर जयसिंगपूर ही पेठ वसविली. तंबाखू आणि भुईमूग यांच्या व्यापारावर ती वाढली. ही दोन्ही पिके मूळची अमेरिका खंडातली. आता या शिरोळ भागातल्या मजुराची भाकरी सोडून पाहा: ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मिरचीचा खर्डा, हुलग्याचे माडगे. ज्वारी हजारो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आली. भुईमूग दक्षिण अमेरिकेचा. मिरची मेक्सिकोकडची, सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या गलबतांतून इथे उतरलेली. हुलगा तेवढा इथल्या मातीतला. एका जर्मनच्या ताटलीत तीन खंड! पण खाणारा मजूर असल्याने त्याला 'जागतिक पाककला' म्हणावे असे कुणाला वाटले नाही.

हे ताट अडाणीही नव्हते. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. कडधान्यांत ते भरपूर असते, पण गंधकयुक्त अमिनो आम्ले कमी असतात. दोन्ही एकत्र खाल्ली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. मेक्सिकोचा शेतकरी मक्याच्या रोटीबरोबर घेवडा खातो, पश्चिम आफ्रिकेत ज्वारी-बाजरीबरोबर चवळी असते, इथिओपियात टेफच्या आंबवलेल्या पोळीवर मसुराचे कालवण वाढतात. प्रयोगशाळेने हे शास्त्र नंतर सांगितले. कष्टकरी बायांनी ते आधीच रांधले होते.

मग महारवाड्यात, मांगवाड्यात उपासमार का होती? ज्ञान नव्हते म्हणून नव्हे. पुरेशी जमीन नव्हती, पाणवठा नव्हता. गावकीची कामे करूनही पदरात पडे ती उष्टी-शिळी भाकर आणि मेलेले जनावर. रोख पैसे मोजले तरी हॉटेलात कप वेगळा. कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांना शाहू महाराजांनी हॉटेल काढायला मदत केली आणि स्वतः तिथे जाऊन चहा घेतला. कोणाच्या हातचे खायचे आणि कोणाच्या हातचे नाही, या जातिव्यवस्थेच्या मूळ नियमावरच तो घाव होता.

मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत मांस आणि उष्टे सोडण्याचे आवाहन केले. माणूसपणासाठी लोकांनी ते सोडले. घरातल्या वाळवलेल्या चान्या गेल्या. त्यांच्या जागी डाळ, दूध, अंडे पोहोचावे याची जबाबदारी गावाने घेतली नाही. पुढे २०१५ च्या कायद्याने महाराष्ट्रात बैलाचे मांसही बंद झाले. स्वस्त प्रथिन आधी गुलामीची खूण ठरले, मग गुन्हा ठरले.

१९७२ साली दलित पँथरने अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचे नाव घेतले. त्या ब्लॅक पँथरने जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या एका चर्चमध्ये मुलांना शाळेआधी मोफत न्याहारी द्यायला सुरुवात केली होती. उपाशी मूल शिकू शकत नाही, ही त्यामागची साधी राजकीय जाण होती. आपण त्यांचे नाव घेतले, बंड घेतले. न्याहारी मात्र आपल्या चर्चेत फारशी आली नाही.

आज काय आहे? २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा पात्र कुटुंबांना माणशी पाच किलो धान्य देतो, डाळीचा हक्क देत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचे ठरविले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबविला.

शाळेच्या खिचडीत डाळ किती, अंडे का गेले, ती कोण शिजवते, कोण कोणाशेजारी बसून खाते, हे प्रश्न कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी प्रत्येक शाळा समितीत विचारले पाहिजेत. ताट समतोल कसे करावे हे आपल्या आया-आज्यांना कळत होते. ते भरण्याचा हक्क मिळविणे, हे काम आपल्याकडे शिल्लक आहे.