सीएनजी गाडीत 'चेक इंजिन' लाईट लागली? ऑक्सिजन सेन्सर बदलण्याआधी मोबाईलवर एवढं बघा

मागच्या हिवाळ्यात बाबांच्या सीएनजी गाडीत 'चेक इंजिन'ची पिवळी लाईट लागली. गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" असं सांगितलं, आम्ही साडेचार हजार मोजले आणि नवा सेन्सर बसला. चौथ्या दिवशी सकाळी तीच लाईट, तोच कोड. बाबा म्हणाले, "तू इंजिनिअर ना? बघ जरा काय ते." आता मी पडलो सॉफ्टवेअरवाला. बॉनेट उघडून मी आजवर फक्त वायपरचं पाणी भरलंय. पण एरर कोड आणि लॉग वाचणं हे माझं रोजचंच काम, म्हणून त्याच बाजूने सुरुवात केली. त्यातून जे समजलं ते इथे देतोय.

हा सेन्सर नक्की करतो काय?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुरात किती ऑक्सिजन उरलाय हे तो सांगतो. त्यावरून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, इंधन वाढवायचं की कमी करायचं ते ठरवतो. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, सीएनजीला १७ किलोच्या आसपास. पण सेन्सरला इंधनाचं नाव कळत नाही, त्याला फक्त उरलेला ऑक्सिजन कळतो. म्हणून एकच सेन्सर पेट्रोल आणि गॅस दोन्हीवर चालतो.

नेहमीच्या झिर्कोनिया सेन्सरमध्ये इंधन जास्त झालं की व्होल्टेज ०.९ कडे जातं, हवा जास्त झाली की ०.१ कडे. अट एकच, सेन्सर ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापलेला हवा. नुसत्या धुराने तापायला वेळ लागतो, म्हणून त्याच्या आत छोटा हीटर बसवलेला असतो. चार वायरींपैकी दोन हीटरच्या आणि दोन सिग्नलच्या. म्हणजे एका डबीत दोन वेगळी यंत्रं आहेत आणि त्यांचे बिघाडही वेगळे. आमचा घोटाळा नेमका इथेच झाला होता.

मोबाईलवर कोड कसा वाचायचा?

ईएलएम३२७ नावाचा ब्लूटूथ ॲडाप्टर ऑनलाइन पाचशे-सातशे रुपयांत मिळतो. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं, त्यात तो लावायचा आणि टॉर्क किंवा कार स्कॅनर ॲप जोडायचं. आयफोनवाल्यांनो, साधा ब्लूटूथ ॲडाप्टर तुमच्याकडे चालणार नाही. वायफाय किंवा ब्लूटूथ एलई असलेला बघून घ्या.

कोड दिसला की आधी स्क्रीनशॉट काढा, सोबतची 'फ्रीझ फ्रेम'सुद्धा. बिघाड नोंदला त्या क्षणी इंजिन किती गरम होतं, किती आरपीएमवर होतं, हे सगळं तिथे असतं. 'क्लिअर' दाबलं की ते पुसलं जातं. गॅरेजमध्ये हेच सर्वात आधी दाबतात, याचा मला मनापासून राग आहे. क्लिअर केल्यावर काही दिवस लाईट आली नाही म्हणून गाडी दुरुस्त झाली असंही समजू नका. ईसीयू बऱ्याचदा लागोपाठ दोन फेऱ्यांत बिघाड दिसल्यावरच लाईट लावतो.

आता कोड. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, पी०१४१ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचं. हे शुद्ध इलेक्ट्रिकल कोड आहेत, गाडी गॅसवर आहे की पेट्रोलवर याच्याशी त्यांचा थेट संबंध नाही. पी०१३० ते पी०१३४ हे कोड पुढच्या सेन्सरच्या सिग्नलबद्दल असतात: व्होल्टेज अडकलंय, प्रतिसाद हळू आहे, हालचालच नाही. आणि पी०१७१ (हवा जास्त) किंवा पी०१७२ (इंधन जास्त) आला, तर सेन्सर बहुतेक खरं बोलतोय आणि आपण त्यालाच शिक्षा करतोय. प्रोग्रॅम ज्या ओळीवर क्रॅश होतो तिथेच बग असतो असं थोडंच आहे!

गॅस-पेट्रोलचा स्विच हेच तुमचं हत्यार

सीएनजीवाल्यांना एक सोय फुकट मिळालीय: तेच इंजिन, तोच सेन्सर, पण इंधन एका बटणावर बदलतं. गाडी पूर्ण गरम होऊ द्या आणि ॲपमध्ये शॉर्ट टर्म आणि लाँग टर्म 'फ्युएल ट्रिम' उघडा. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के इंधन वाढवतोय किंवा कापतोय, तो हा आकडा. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास, फार तर अधिक-उणे १० पर्यंत असावी. गॅसवर +२० आणि पेट्रोलवर +३ दिसलं, तर सेन्सर निर्दोष. गॅस फिल्टर, रिड्यूसरचा दाब, गॅस इंजेक्टर किंवा किटचं ट्यूनिंग बघायला सांगा. दोन्हीवर सारखंच बिघडलेलं असेल तर सेन्सर, हवेची गळती किंवा सेन्सरच्या अलीकडे फुटलेला सायलेन्सरचा पाइप. तिथून बाहेरची हवा आत जाते आणि सेन्सरला ऑक्सिजन जास्त दिसतो.

इथे एक मेख आहे. बाहेरून बसवलेल्या किटमध्ये पेट्रोलचा ईसीयू गॅसवर चालताना शिकलेला लाँग टर्म ट्रिम पेट्रोलवरही तसाच वापरतो. त्यामुळे दोष गॅसचा आणि कोड आला पेट्रोलवर, असंही होतं. स्विच बदलल्यावर १५-२० मिनिटं गाडी चालवा, मगच आकडे लिहून घ्या.

प्लगही विसरू नका. गॅस पेटवायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, त्यामुळे झिजलेले प्लग आधी गॅसवर चुकतात. न जळलेल्या मिश्रणातला ऑक्सिजन धुरात जातो आणि सेन्सर "हवा जास्त" म्हणून ओरडतो.

सेन्सर जिवंत आहे का हे बघायची सोपी पद्धत: गाडी पेट्रोलवर, उभी, न्यूट्रलमध्ये. ॲक्सिलरेटर झटकन दाबून सोडा. व्होल्टेज आधी ०.८ च्या वर आणि मग ०.१ कडे गेलं तर सेन्सर काम करतोय. ॲपमध्ये फक्त हाच एक ग्राफ ठेवा. स्वस्त ॲडाप्टर सेकंदाला मोजकेच आकडे आणतो. दहा गोष्टी एकदम मागवल्या तर चांगला सेन्सरही सुस्त दिसेल. काही गाड्यांत पुढे 'एअर-फ्युएल रेशो' सेन्सर असतो, तिथे व्होल्टेज असं वरखाली होत नाही. त्याला मेलेला ठरवू नका, ॲपमधला लॅम्डाचा आकडा १ च्या आसपास आहे का ते बघा.

जुनं, सिक्वेन्शियल नसलेलं किट असेल तर मात्र सावधान. त्यात अनेकदा 'एम्युलेटर' असतो. गॅसवर असताना तो ईसीयूला खोटा सेन्सर सिग्नल देतो, म्हणजे ॲपवरचा ग्राफही खोटाच. शिवाय तो बसवायला सेन्सरची वायर कापून जोडलेली असते. सैल जोड पहिल्यांदा तिथेच शोधा.

आमच्या गाडीत काय निघालं?

आमचा कोड होता पी०१३५, म्हणजे हीटरचा. ट्रिम दोन्ही इंधनांवर चांगले, हायवेला गाडी मस्त. सिग्नलला मात्र सेन्सर थंड पडायचा आणि ॲपमध्ये 'क्लोज्ड लूप'चं 'ओपन लूप' व्हायचं. मग थंड गाडीत मल्टिमीटर घेऊन बसलो. सेन्सरचा कनेक्टर काढून हीटरच्या दोन वायरींमधला रेझिस्टन्स मोजला (बहुतेक सेन्सरमध्ये या दोन वायरी एकाच रंगाच्या असतात). काही ओहम आला. हीटर तुटला असता तर मीटरने 'ओएल' दाखवलं असतं. फ्यूज चांगला. इंजिन चालू करून गाडीच्या बाजूच्या कनेक्टरवर बघितलं, तिथे १२ व्होल्ट कधी यायचे, कधी नाही. वायरिंगवाल्याने माग काढला. गॅस किटच्या वायरींसोबत ती वायर टायने आवळलेली होती आणि लोखंडी पट्टीवर घासून आतून तुटली होती. दुरुस्तीचे तीनशे रुपये झाले.

हे सगळं वायरींपुरतंच ठेवा. सिलिंडरमधला दाब २०० बारपर्यंत असतो. गॅसचा वास आला तर इंजिन बंद करा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, लांब उभे राहा आणि किट बसवणाऱ्याला बोलवा.

जुना सेन्सर मी गॅरेजमधून मागून आणला होता. त्याचाही हीटर मोजला, व्यवस्थित होता. आता तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, आणि बाबा महिन्यातून एकदा तरी त्याची चौकशी करतात.