श्वासाची तालीम

जुनाट फुप्फुसविकारानें धाप लागणाऱ्या रोग्यास एके काळीं डॉक्टर एकच पथ्य सांगत: विश्रांति. छाती व पोट यांमधील श्वासपटल हा स्नायूच होय. फुगलेल्या फुप्फुसांखालीं तो चपटा होतो व त्याचा जोर घटतो. श्वसनाचे स्नायूही व्यायामानें बळावतात, हें १९७६ सालीं लीथ व ब्रॅडले यांनीं निरोगी माणसांवर प्रयोग करून दाखविलें. मग १९८८ सालीं अमेरिकेंत जॅनेट लार्सन व त्यांचे सहकारी यांनीं रोग्यांचे दोन गट केले. दोघांनीं रोज अर्धा तास, दोन महिने, श्वास ओढण्यास अडसर करणाऱ्या उपकरणांतून श्वास घेतला. एका गटास कमाल जोराच्या १५ टक्के भार होता, दुसऱ्यास ३० टक्के. दुसऱ्या गटाचा जोर वाढला आणि चालण्याचा पल्लाही लांबला. फुप्फुसांची झीज यानें भरून येत नाहीं. परंतु पुरेशा भाराविना बळ नाहीं, हा आखाड्याचा नियम श्वासासही लागू पडतो.