परमुलखातील सण : शिरूर आणि दौंड

मनुष्य स्वदेशी असता सण पाळतो तो बहुधा सवयीने. परमुलखात गेला म्हणजे तोच सण तो हट्टाने पाळू लागतो. आपली मंडळी लंडनात किंवा नैरोबीत गणपती बसवितात, दिवाळीस कंदील लावितात, हे वृत्त आपण कौतुकाने वाचतो. परंतु याच प्रकाराची दुसरी बाजू आपल्या पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात, शिरूर व दौंड या दोन गावी, प्रदीर्घ काळ नांदत होती, तिकडे आपले लक्ष सहसा जात नाही. येथे परदेशात राहणारे होते ते गोरे लोक. मुलूख आपला, आणि सण नाताळाचा.

या सणाचे मराठी नाव इंग्रजांनी दिलेले नव्हे. ते पोर्तुगीजांचे, वसई-गोमांतकाकडून इंग्रजी छावण्यांच्या कितीतरी आधी आपल्या भाषेत येऊन बसलेले. उत्तरेकडे 'बडा दिन' असे स्वतःचे नाव त्या दिवसास मिळाले; आम्ही मात्र परक्याचाच शब्द घेऊन तो आपल्या जिभेला वळवून घेतला. शेजाऱ्याच्या सणाशी वागण्याच्या या दोन निरनिराळ्या तऱ्हा आहेत, आणि पुढील हकीकतीत त्या दोन्ही भेटतील.

घोड नदीच्या काठचे शिरूर, ज्यास लोक घोडनदी असेच म्हणत आले, तेथे इंग्रजांचे ठाणे पडले ते वसईच्या तहाचे फळ होय. दुसऱ्या बाजीरावाने हा तह केला तो ३१ डिसेंबर १८०२ रोजी. कंपनीची पहिली सनदही १६०० सालच्या ३१ डिसेंबरचीच. या व्यापाऱ्यांना राज्येही त्याच दिवशी मिळावी, हा योगायोग मौजेचा खरा. तहान्वये आलेल्या तैनाती फौजेचा तळ पुढे शिरूरास राहिला, आणि पुणे हॉर्स या घोडदळाचे ठाणेही तेथेच होते.

अशा ठाण्यातील नाताळ कसा असे? डिसेंबरातील आपली कोरडी थंडी, आणि मनात विलायतेचे बर्फ. कंपनीच्या गोऱ्या शिपायांत आयर्लंडच्या खेड्यापाड्यांतून पोटासाठी आलेल्या गरिबांचा भरणा मोठा होता. त्यांना घरची आठवण येत नसेल असे कोण म्हणेल? गावाचा या सणाशी संबंध येई तो मुख्यतः 'डाली'च्या द्वारे. फळे, सुका मेवा, मिठाई यांनी भरलेली टोपली हाताखालच्या लोकांनी साहेबाच्या दाराशी नेऊन ठेवावयाची, हा रिवाज इंग्रजी अमलात सर्वत्र पडला. तीस भेट म्हणावे की खंडणी, हा प्रश्न सरकारलाही पडला असावा, कारण अधिकाऱ्यांनी नजराणे घेण्यावर पुढे निर्बंध आले. आमच्या मते ती सणाची भेट नव्हतीच. देणाऱ्याच्या घरी त्या दिवशी सण नव्हता, आणि घेणाऱ्याच्या पंगतीला देणाऱ्यास पान नव्हते.

१८१७ सालच्या वर्षअखेरीस तर शिरूरला उत्सवास सवडच मिळाली नाही. पुण्याहून कुमक मागविण्यात आली, आणि ३१ डिसेंबरच्या रात्री कॅप्टन स्टॉंटन आठशेंच्या आसपास लोक व दोन तोफा घेऊन निघाला. नववर्षाचा सूर्य वर आला तेव्हा भीमेच्या पलीकडे पेशव्यांची अफाट फौज त्याच्यापुढे उभी होती. कोरेगावची ती लढाई सर्वांस ठाऊक आहे. तिचे वर्णन येथे करीत नाही. आमच्या विषयापुरते इतकेच पाहावयाचे की, स्टॉंटनच्या पलटणीतील महार शिपायांना १ जानेवारी हा दिवस सणाचा नव्हता. तो केवळ नोकरीचा एक दिवस होता. पुढे इंग्रजांनी तेथे स्तंभ उभारला, आणि मृतांच्या नावांत 'नाक' हा प्रत्यय लागलेली महारांची नावे कोरिली. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर त्या स्तंभापाशी आले. आज त्या तारखेला तेथे लोटणारा जनसमुदाय साहेबाचे नववर्ष पाळण्यास जमत नाही. तारीख परक्याची, सण स्वतःचा, असे हे विलक्षण उदाहरण होय.

मिशनरी मंडळींनी तिसराच मार्ग धरिला. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली नगरास ठाण मांडिले. पुणे-नगर रस्त्यावरील शिरूरही त्याच्या कार्यक्षेत्रात आले. आरंभी या लोकांचा नाताळ अमेरिकेतल्याच चालीचा होता. पण रेव्हरंड नारायण वामन टिळकांसारखा कवी ख्रिस्ती झाला, आणि टाळ-मृदंग, कीर्तन, भजन यांसह तो सण मराठी होऊ लागला.

दौंडची गोष्ट निराळी. पुण्याहून दिकसाळपर्यंत लोहमार्ग १८५८ त झाला, मनमाडचा फाटा १८७८ त निघाला, आणि भीमेकाठचे हे गाव जंक्शन बनले. इंजिन हाकणारे व गार्ड यांत त्या काळी युरोपियन व अँग्लो-इंडियन पुष्कळ असत. अँग्लो-इंडियनांना विलायत हा 'स्वदेश' खरा, परंतु बहुतेकांनी तो पाहिलेलाही नसे! न पाहिलेल्या घराच्या आठवणीने सण करणे यात हास्यास्पद असे काही आम्हांस वाटत नाही. उलट त्यात एक कारुण्य आहे. शिवाय आगगाडीला नाताळ नसतो. घरात केक व साखरेत घोळलेले 'कलकल' तयार असावे, आणि यजमानाची पाळी मनमाडच्या गाडीवर असावी, हे रेल्वेच्या संसारात ठरलेलेच. १८८१ च्या हुंड्यांविषयीच्या कायद्याने नाताळ व नववर्षदिन हे रविवारी आल्यास सोमवारी सुटी, अशी तरतूद केली होती. परक्याचा सण असा कायद्याने साऱ्या देशाच्या पंचांगात शिरला. पण गाडीच्या वेळापत्रकाने तो मानिला नाही.

या सर्वांत शिरूरच्या कर्नल विल्यम वॉलेसची कथा आम्हांस सर्वांत अर्थपूर्ण वाटते. तैनाती फौजेचा हा सेनापती १८०९ त तेथेच वारला. त्याने नाताळ कसे घालविले ते सांगण्यास आज कोणी नाही. परंतु १८८५ च्या पुणे गॅझेटियरात नमूद आहे की, शिरूरचे लोक त्यास 'सत्पुरुष' म्हणत, आणि ब्राह्मण व मारवाडी सोडून इतर हिंदू त्याच्या थडग्याची पूजा करीत. फौजेच्या या अधिकाऱ्यास लोकांनी दैवत कसे केले, याची कारणे ज्याने त्याने तर्काने जाणावी. भीती, कृतज्ञता, पिशाच्चाची समजूत, यांपैकी एकानेच ते झाले नसेल. एवढे खरे की, हयात साहेबाला डाली जाई ती त्याच्या सणास, मेलेल्यास नैवेद्य जाई तो आपल्या. सुगी आली, खळ्यावर रास पडली, म्हणजे कुणबी नव्या धान्याचा पहिला वाटा घेऊन त्या थडग्याकडे जात.